जीएस संपल्यावर जेवायचं काय? कट्ट्यावर पेटलेला वाद

काल रात्री पुण्यात शास्त्री रोडला चहाच्या टपरीजवळ नेहमीची टाळकी जमली होती आणि सोलापूरकर सहज बोलून गेला की यंदा यूपीएससीच्या प्रिलिम्सला (पूर्वपरीक्षेला) सकाळचा जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, पेपर झाला की समोरच्या हॉटेलात फुल थाळी मारणार, पोट भरलं की डोकं चालतं. झालं, तिथून जे पेटलं ते अकरा वाजले तरी चालूच.

लातूरकर म्हणाला थाळी खाऊन सीसॅटला (दुपारचा पेपर, उतारे आणि गणितं) बसलास तर दुसऱ्या पॅसेजलाच डुलक्या काढशील, त्यापेक्षा काही खाऊच नको, एनर्जी ड्रिंकचा एक कॅन मार आणि आत जा. आमच्यातली डॉक्टर (बीएएमएस करून यूपीएससी करतेय) म्हणाली दोघंही चुकताय. दुपारी एक ते चारच्या मधे शरीराचं घड्याळच थोडं मंदावतं, जेवला नाहीस तरी, आणि वरून गच्च जेवण केलं की ते जास्त जाणवतं. सीसॅट नेमका अडीच ते साडेचार. पण उपाशी राहिलास तर चारच्या सुमाराला गणितं करताना हातपाय गळतील, मेंदूला ग्लुकोज सतत लागतं. आणि कॅनचं म्हणशील तर अडीचशे मिलीत साधारण ७५ मिग्रॅ कॅफिन, म्हणजे एक कप कडक कॉफी, वर पाच-सहा चमचे साखर. जे कधी घेतलं नाही ते त्या दिवशी कशाला घ्यायचं?

मला हे शंभर टक्के पटतं. सीसॅट नुसता क्वालिफाइंग आहे, म्हणजे पास झालं की पुरे, २०० पैकी ६६ लागतात म्हणून लोक हलक्यात घेतात, आणि जीएस चांगला जाऊनही पोरं तिथेच उडतात. वर्षभराची मेहनत दुपारच्या झोपेपायी घालवायची म्हणजे काय, जीव तुटतो अक्षरशः.

मग खायचं काय? साडेअकराला सुटलो की दोनच्या आत परत गेटच्या आत पाहिजे, त्यामुळे हॉटेल शोधत उन्हात फिरणं बादच, डबा सोबत पाहिजे. मे-जूनच्या उकाड्यात भात-आमटी आंबते. इथे लातूरकरानेच चांगलं सुचवलं, धपाटे. रात्री केलेले दुपारपर्यंत आरामात टिकतात, ज्वारीचं आणि डाळीचं पीठ असतं त्यामुळे भूक लवकर लागत नाही, दोन खायचे आणि थांबायचं, सोबत केळं किंवा उकडलेलं अंडं. पाणी मात्र सकाळपासून घोट घोट, एकदम बाटली रिकामी केली की पेपरात अर्धं लक्ष वॉशरूमकडे. घामाने पाणी कमी पडलं तरी डोकं जड होतं हे खरंय.

खरं भांडण झालं चहावरून. लातूरकर म्हणतो चहा बंद. डॉक्टर म्हणाली ज्याला रोज तीन चहाची सवय आहे त्याने त्या दिवशी तोडला तर डोकंच दुखेल, कपभर घ्यायचा, दीडच्या सुमाराला, अर्ध्या-पाऊण तासात चढतो तो. उलट आदल्या रात्री दहा-अकराला रिव्हिजनसाठी जो चहा मारतो ना आपण तो बंद करा, निम्मं कॅफिन पाच-एक तासांनीसुद्धा अंगात असतं आणि झोप कच्ची होते. आणि अपुऱ्या झोपेवर सकाळी कितीही चहा ओता, वाचलेलं आठवायचं तेव्हा आठवत नाही. हे ऐकून सगळ्यांनी हातातल्या ग्लासांकडे बघितलं, कारण तेव्हा पावणेअकरा झालेले.

शेवटी ठरलं की रविवारचा मॉक (सराव पेपर) अगदी खऱ्या वेळेत द्यायचा, साडेनऊला जीएस, मधे हाच डबा, दीडला चहा, अडीचला सीसॅट. सोलापूरकर थाळी सोडायला तयार झालाय पण म्हणतो धपाट्यासोबत शेंगाचटणी पाहिजेच, आणि डॉक्टर म्हणते चटणी खा पण मिरची कमी घालून करून आण, त्यावर अजून एकमत नाही.