मान घासून गोरी होत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर 'कोरियन एक्सफोलिएटिंग टॉवेलची कमाल', खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. मजकुराचं सार असं: या खरखरीत कापडाने रोज दहा मिनिटं अंग घासा. शरीरातली विषद्रव्यं काळ्या वळ्या होऊन बाहेर पडतील, सात दिवसांत रंग उजळेल, मानेचा मळ निघेल, मुरमं जातील. तान्ह्या बाळालाही चालतं. आपलं उटणं म्हणजे हेच, आणि एक टॉवेल सगळ्या घराला सहा महिने पुरतो.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण फोंड्याच्या माझ्या बहिणीने तो वाचला, अकरावीतल्या मुलीला वाचायला दिला, आणि त्या पोरीने मान घासघासून सोलून घेतली. आता युनिफॉर्मची कॉलर लागली की चुरचुरते.

म्हणून मानेपासूनच सुरुवात करते. मेसेज म्हणतो, 'मानेवरची काळी पट्टी म्हणजे वर्षानुवर्षं साचलेला मळ.' मळ असता तर साबणाने गेला नसता का? मानेमागे, काखेत, जांघेत कातडी काळसर, जाड आणि हाताला मखमली लागत असेल, तर डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं. ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं आणि कातडी जाड होऊन काळवंडते. बहुतेकदा सोबत वाढलेलं वजन असतं, मुलींमध्ये कधी पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार. म्हणजे पुढे येऊ घातलेल्या मधुमेहाची ही आगाऊ सूचना असू शकते, आणि आम्ही ती खरवडून काढायला बसलोय.

तेही गोव्यात! आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली 'लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या प्रमाणात सगळ्या राज्यांमध्ये गोवा पहिला, २६.४ टक्के. मोठ्या माणसांत ढोबळमानाने दर चौघांमागे एक. आपल्या प्रत्येक घरात साखरेची गोळी घेणारं कोणीतरी आहे, आणि त्याच घरातल्या पोरीची मान काळी दिसली की आपल्याला आठवतो तो मळ. बहिणीला म्हटलं, टॉवेल टाक आणि आधी तिची उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घे. वजन आणि इन्सुलिन ताब्यात आलं की मानेचा काळेपणा हळूहळू उतरतो. घासून तो उतरत नाही, उलट वाढतो.

वाढतो कसा, ते 'सात दिवसांत गोरेपणा' या मुद्द्यात आलंच. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरात तयार होतं. टॉवेल पोचतो तो सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींपर्यंत. त्या काढल्याने थोडी चमक येते, रंग तोच राहतो. जोर लावून रोज घासत राहिलात तर मात्र रंग खरंच बदलतो, पण भलतीकडे. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलने अंग घासायची सवय पसरली, तेव्हा १९८०च्या दशकात तिथले त्वचारोगतज्ज्ञ एका नव्याच तक्रारीबद्दल लिहू लागले. गळ्याखालची हाडं, खांद्याची पाती, पाठीचा कणा, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथे तपकिरी डाग. सततच्या घर्षणाने रंगद्रव्य खालच्या थरात उतरतं आणि तिथे गेलं की सहजासहजी निघत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला असे डाग लवकर पडतात. (गोरेपणाचा हा सोस आपल्याला अजून किती पिढ्या पुरणार आहे, देव जाणे.)

विषद्रव्यांचं काय बोलायचं? त्या वळ्या म्हणजे मेलेल्या पेशी, अंगाचं तेल, घाम आणि साबण. विषद्रव्यं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, त्यांना टॉवेल लागत नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. अंग गुळगुळीत होतं, हे खोटं नाही. दंडावर काटा आल्यासारख्या बारीक पुटकुळ्या असतात त्यांनाही थोडा फरक पडतो. पण मूळ कोरियन रीत मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळली. तिथे आधी गरम पाण्यात बराच वेळ अंग भिजवतात, कातडी मऊ झाली की मगच घासतात, आणि हे काही रोज उठून करत नाहीत. ज्यांना हौस आहे त्यांनी आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने घासावं आणि ओल्या अंगावरच खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावावं. राहता राहिलं उटणं. नरकासुर जाळून आलं की पहाटे आपण अंगाला तेल चोपडतो, त्यावर उटणं लावतो. तेही वर्षातून एकदा. त्याचा आणि या रोजच्या खरवडण्याचा संबंध काय?

मुरमांवर तर हे कापड नकोच. सुजलेलं मुरूम घासलं की आणखी चिघळतं आणि मागे डाग ठेवून जातं. बाळाचं लिहिणाऱ्याला काय म्हणावं तेच कळत नाही. बाळाची कातडी आपल्याहून पातळ असते. न्हाऊ घालायला येणारी वैजीणबाई कितीही म्हणाली तरी हे कापड तिच्या हाती देऊ नका.

आणि एक टॉवेल सगळ्या घराला, सहा महिने! न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १९९४ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजी'त दाखवलं होतं की लूफामध्ये, म्हणजे आपल्या वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत, स्यूडोमोनाससारखे जंतू जोमाने वाढतात आणि तिथून कातडीवर जातात. ओलं राहिलेलं कापडही फार वेगळं नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर न्हाणीत काय सुकतं? ज्याचा टॉवेल त्याने वापरावा, झाला की धुऊन, पिळून उन्हात टाकावा, पावसात पंख्याखाली. ज्याच्या अंगावर चामखीळ किंवा खरूज आहे, त्याचा तर घरात कोणी हातातही घेऊ नये.