रॅकला कुंकू लावलं म्हणून

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. डेटा सेंटरच्या लोडिंग बेमध्ये, म्हणजे माल उतरवायच्या जागी, उभा केलेला नवाकोरा लिक्विड कूल्ड रॅक, म्हणजे सर्व्हरचं कपाट, त्याच्या दाराच्या चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक, खाली पॅलेटवर फोडलेला नारळ आणि शेजारी हात जोडून उभा एक पोरगा. पंचविशीचा असेल. खाली लिहिलंय, 'चिप तैवानची, अक्कल आपली.' आणि त्याखाली लोळून हसणारे चेहरेच चेहरे. सगळे इंजिनिअर. सगळे माझे मित्र.

ज्याने हे टाकलं त्यानेच मागे एक दुसरा फोटो टाकला होता, आठवतोय का बघा. तैवानमधल्या सर्व्हर रूमचा. रॅकवर हिरवी पाकिटं ठेवलेली. क्वाय क्वाय नावाचा कुरकुरीत खाऊ असतो तिकडे. मशिन नीट चालावं म्हणून ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं, नारळाच्या चवीचं. पिवळं-लाल चालत नाही, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. तारीख उलटायच्या आत बदलायचं. बँका, हॉस्पिटलं, कारखाने, सगळीकडे ठेवतात. त्या फोटोला तुम्ही सगळ्यांनी बदाम दिले होते. 'किती गोड कल्चर!' त्यांचा नारळ पाकिटात आणि आपला पॅलेटवर, एवढ्यावरून एक गोड आणि दुसरा अडाणी?

मला हे इतकं का झोंबलं, ते सांगते.

ऐरोलीला एका डेटा सेंटरच्या साइटवर मी कमिशनिंगला, म्हणजे सगळी यंत्रणा तपासून सुरू करून देण्याच्या कामाला, होते. तिथे कॉन्ट्रॅक्टरकडे एक काका होते, संगमेश्वरकडचे. इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेले, पण रॅक उतरवण्यापासून पॉवर देईपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नवीन रॅक आले की काका पूजा करायचे. कुठे? लोडिंग बेमध्ये. डेटा हॉलमध्ये, म्हणजे सर्व्हर चालतात त्या खोलीत, कधीच नाही. 'मॅडम, धूर आत नको, डिटेक्टर बोंबलेल.' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हॉलमधले डिटेक्टर सतत हवा ओढून तपासत असतात, उदबत्तीची एक रेघसुद्धा त्यांना पुरते. काकांनी ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल नसेल, पण त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुंकूसुद्धा कोरडं नाही. वाटीत पाण्यात कालवलेलं, एकच बोट, तेही दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर. 'कोरडं नको, पंखे आत ओढतात.' मग हात धुवायचे, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावायचा आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना, घेऊन बसायचे. एकेक बोल्ट, टक आवाज येईपर्यंत. प्रत्येकावर लाल मार्करची रेघ, बोल्टवरून पट्टीवर आलेली, म्हणजे नंतर बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

या माणसाला अडाणी म्हणायची तुमच्यात हिंमत आहे?

हो, मान्य आहे, सगळे काकांसारखे नसतात. यूपीएस रूममध्ये उदबत्तीचा पुडा पेटवणारे महाभाग मीही पाहिलेत, त्यांना बाहेर काढलंच पाहिजे. आणि मुहूर्तासाठी एनर्जायझेशन, म्हणजे पहिल्यांदा वीज सोडणं, अडवून ठेवणाऱ्यांशी मी स्वतः भांडलेय. पण त्या पोराच्या फोटोत यातलं काय आहे? रॅक हॉलच्या बाहेर आहे. दार बंद आहे. कुंकू पत्र्यावर आहे. फोटो झूम करून बघितलात का, की हसायची घाई होती?

तो रॅक काय चीज आहे हे तर तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच दिवसभर त्याचे रिव्ह्यू फॉरवर्ड करत असता. एनव्हिडियाचा एनव्हीएल ७२ घ्या. एका रॅकमध्ये एआयची गणितं करणाऱ्या ७२ जीपीयू चिप, ३६ सीपीयू, साधारण १२० किलोवॅट. आमच्या सोसायटीची अख्खी विंग एका कपाटात. प्रत्येक ब्लॅकवेल जीपीयूमध्ये २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म स्विच. ते छापणारी मशिनं नेदरलँड्समध्ये वेल्डहोव्हनला एएसएमएल बनवते. आत वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला ५०,०००. प्रत्येक थेंबावर लेझर दोनदा मारायचा, पहिल्यांदा तो चपटा करायला, दुसऱ्यांदा त्याचा प्लाझ्मा करायला. त्यातून जो १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो तो हवेतही शोषला जातो, म्हणून सगळं निर्वातात. काचेतही शोषला जातो, म्हणून भिंग नाही, नुसते आरसे. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं! अशा वस्तूपुढे एखाद्याचे हात जोडले गेले तर मला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. न जोडले गेले तरी ठीक. पण जोडणाऱ्याला त्या वस्तूची किंमत कळलेली नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणि इंडस्ट्रीत श्रद्धा नसते, ही कुठली समजूत? पॅट गेलसिंगर तुमचा हिरो ना? इंटेलच्या ऐंशी चारशे शहाऐंशी, म्हणजे ४८६ चिपचा आर्किटेक्ट, १९७९ मध्ये अठरा वर्षांचा असताना इंटेलमध्ये लागलेला, पुढे तिथलाच सीईओ. तो सीईओ असताना रविवारी बायबलमधली वचनं पोस्ट करायचा. डिसेंबर २०२४ मध्ये पद गेल्यावर त्याने लिहिलं की मी दर गुरुवारी २४ तास प्रार्थना आणि उपवास करतो, या आठवड्यात इंटेलच्या एक लाख कर्मचाऱ्यांसाठी माझ्याबरोबर करा. गुरुवारचा उपवास! आपल्या निम्म्या आयांचा असतो. त्या पोस्टवर आपल्या ग्रुपवर काय आलं होतं? 'केवढा मोठा माणूस.' खरंच मोठा माणूस आहे, माझाही आवडता आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यानेच पंधरा हजारांच्या आसपास लोकांची कपात जाहीर केली होती आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना त्याची वचनं गोड लागली नसणार, तेही खरं. तरी त्याने ४८६ कसा बनवला याच्यावर त्या श्रद्धेमुळे कुणी शंका घेत नाही. आपला पोरगा मात्र स्वस्तिक काढतो म्हणजे त्याला ओहमचा नियम येत नसणार!

इस्रोची माणसं चांद्रयान ३ ची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेली तेव्हाही लोक असेच हसले होते. दीड महिन्याने यान उतरलं तेव्हा हेच लोक रडत होते. उतरलं ते दर्शनामुळे नाही, हे त्या शास्त्रज्ञांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माहितीये, आता कुणीतरी दाभोलकरांचं नाव काढणार. जरूर काढा. मलाही त्यांच्याबद्दल तितकाच आदर आहे. पण अंनिसने कायम सांगितलंय की विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. त्या लोडिंग बेमध्ये कुणी कुणाचं शोषण केलं? नारळाचे पैसेसुद्धा त्या पोरांनी वर्गणी काढून दिले असतील.

शोषण बघायचंय तर ऐरोलीची पुढची गोष्ट ऐका. तारीख जवळ आली होती आणि वरून निरोप आला, टेस्ट नंतर करू, आधी पॉवर द्या, काही होत नाही. टायवाला, इंग्रजी बोलणारा, पूजेला नाक मुरडणारा माणूस. काकांनी सरळ नकार दिला. म्हणाले, 'पूजा झाली म्हणजे मेगर झालं असं नाही साहेब.' मेगर म्हणजे केबलचं इन्सुलेशन धड आहे का ते बघायची टेस्ट. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस, उद्या ये म्हणतील की नाही याची खात्री नाही, तरी हटले नाहीत. मेगर लावला तर एका फीडरच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या केबलच्या, एका फेजचं रीडिंग कमी. उघडलं तर केबल आत शिरते तिथे, ग्लँडपाशी, केबलच्या इन्सुलेशनला चीर. तशीच पॉवर दिली असती तर काय झालं असतं, हे या ग्रुपवर तरी मला समजावून सांगायला नको.

त्याच साइटवर तैवानचा एक इंजिनिअर आला होता. त्यानेही बॅगेतून हिरवं पाकीट काढलं. काकांनी हाताने खूण केली, प्लास्टिक हॉलमध्ये नको. तो लगेच समजला, पाकीट बाहेर कमिशनिंगच्या टेबलावर ठेवलं. काकांनी शेजारी झेंडूचं एक फूल ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नंतर दोघं मिळून मॅनिफोल्डचे, म्हणजे कूलिंगच्या नळ्यांचे, जोड तपासत बसले.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. तुम्ही वाईट माणसं नाही आहात. पण त्या पोराच्या गळ्यातलं आयकार्ड फोटोत वाचता येतंय, आणि साइटवर फोटो काढणं हाच मुळात गुन्हा धरतात. हा फोटो क्लायंटपर्यंत गेला तर नोकरी त्याची जाईल, तुमची नाही. काढून टाका. जिथे जिथे पुढे पाठवलाय तिथूनही.

काका आता गावी असतात. यंदा खंडेनवमीची परवानगी क्लायंटकडे मी मागणार आहे, माझ्या नावाने, लेखी. जागा लोडिंग बे, वेळ अर्धा तास, धूर नाही, कोरडं कुंकू नाही. पोरांना चोरून करायला लागू नये. ज्यांना बघायला यायचंय त्यांनी गेटपाससाठी आयडी आधी पाठवा.