वरच्या मजल्याच्या सळया

आमच्या परभणीतल्या घराच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर निघालेल्यात. नानांनी 2003 ला घर बांधलं तेव्हा ‘पुढं वर दोन खोल्या काढू’ म्हणून सोडल्या, त्या अजून तशाच उभ्या. दोनीला आईनं कपड्याची दोरी बांधली, बाकीच्या गंजायल्यात. लहानपणापासून मी त्या सळयांना हसत आलोय. आता हसत नाही, कारण मी गेमिंग पीसी घेतलाय.

बजेट 60 हजार. तेवढ्यात गेमचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासकट बरा पीसी बसवून देतो म्हणून दुकानदार परोपरीनं सांगत होता, पण मी महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत व्हिडिओ बघून आलो होतो ना, मग मी कशाला ऐकतोय त्याचं! पुण्यातला मावसभाऊ फोनवर म्हणला, ‘दादा, सॉकेट बघून घे, बाकी सगळं बदलता येतं.’ झालं. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसायची जागा. एएमडी ह्या प्रोसेसरवाल्या कंपनीचा एएम4 सॉकेट आला 2016 ला, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या साली, आणि त्याच सॉकेटच्या 2017 च्या बोर्डांवर लोकांनी नुसतं बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून 2022 चा 5800एक्स3डी प्रोसेसर बसवला. पाच वर्षं एकच बोर्ड! एवढं तर आमच्याकडं कूलरचं खस बी टिकत नाही.

म्हणून मी त्याच्या पुढच्या एएम5 सॉकेटवाला बी650 बोर्ड घेतला. त्यावर डीडीआर5 रॅमच चालते, डीडीआर4 ची खाचच वेगळ्या जागी, म्हणजे जुन्या पीसीतल्या माझ्या दोन्ही काड्या गेल्या ड्रॉवरमध्ये. नवी रॅम घेतली 16 जीबीची, पण एकच काडी, पुढं जोडीला दुसरी टाकू म्हणून. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, 850 वॅटचा, तो बी वीज कमी वाया घालवणारा ‘गोल्ड’, कारण पुढं मोठं कार्ड येणार. कॅबिनेट तर आई शाळेचा ड्रेस शिवायची तसं वाढत्या अंगाचं, फूटभर लांबीचं कार्ड आडवं बसेल एवढं, वरून काचेचं.

आणि मग कार्डाला पैसेच उरले नाहीत.

तसं अडत काही नाही, मी घेतलेल्या रायझन 5 7600 प्रोसेसरमध्ये आतच छोटं ग्राफिक्स असतंय. पण ते स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधलीच उसनी घेतं, आणि रॅमची काडी एकच म्हणल्यावर सिंगल चॅनल, म्हणजे अर्धाच रस्ता उघडा. म्हणजे पुढं वेग वाढावा म्हणून जी जागा सोडली तिच्यानंच आज वेग कमी झाला, हे मला कळायला आठ दिवस लागले आणि मावसभावाला सांगितलं तर तो हसायला लागला. 850 वॅटचा एसएमपीएस शंभर-सव्वाशे वॅटवर झोपा काढायलाय. त्यात दुपारी लाईट जाते. यूपीएस 600 व्हीएचा, जो खरा 360 वॅटच देतो, म्हणजे मोठं कार्ड आलं की यूपीएस बी बदलणं आलं, ते कोणत्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. सध्या मी वीस वर्षांपूर्वीचे गेम खेळतो. ते मात्र झकास चालतात.

परवा नाना खोलीत आले, काचेतून बराच वेळ आत बघितलं. मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी करून बसलो होतो.

“अन ही मधली जागा मोकळी कामून ठेवली?”

“कार्ड बसवायचंय नाना तिथं. पुढं.”

नानांनी मान हलवली. हसले नाहीत की पैशाचं विचारलं नाही. “बरं केलास. जागा सोडलेली बरी राहती.” दारापर्यंत गेले, परत वळले. “पाऊस यायच्या आत वरच्या सळयांना सिमेंटचं पाणी मारायचंय. ब्रश घे अन ये वर.”

पीसी चालूच ठेवून मी गेलो.