‘कामचलाऊ आई’ नव्हे

ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांच्या ‘गुड इनफ मदर’ या कल्पनेचं त्यात केलेलं ‘कामचलाऊ आई’ हे भाषांतर खटकलं. त्या शब्दांत तडजोडीचा सूर लागतो. विनिकॉट म्हणतात, आई सुरुवातीला बाळाशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि मग त्याला झेपेल तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. त्या कमी पडण्यातूनच बाळाला बाहेरचं जग कळतं. ‘पुरेशी चांगली आई’ म्हणा फार तर.

आणि त्यांचं पट्टीचं ते निरीक्षण लेखातून कसं सुटलं? माणूस मुळात बालरोगतज्ज्ञ, लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयातला. आईच्या मांडीवर बाळ, टेबलाच्या कडेला जीभ दाबायची चकचकीत पट्टी. बाळ हात पुढे करतं, थबकतं, मोठ्यांची तोंडं न्याहाळतं. डॉक्टर गप्प. मग लाळ सुटते नि पट्टी थेट तोंडात! नंतर ती खाली टाकायचा खेळ. १९४१च्या निबंधात आहे हे. ते थबकणंच त्यांना महत्त्वाचं वाटलं. (आपण एव्हाना खुळखुळा हातात कोंबला असता.)

आमच्या मुलाची आजीच्या लुगड्याची गोधडी होती, कोपरा चोखून काळा झालेला. मी एकदा ती सर्फमध्ये बुडवली. पोरगं दोन रात्री झोपलं नाही. अशी वस्तू धुतली की बाळाच्या अनुभवात खंड पडतो, असं विनिकॉटनी लिहून ठेवलंय, हे मला पुढे वीस वर्षांनी समजलं. सासूबाईंना आधीच माहीत होतं.