अ‍ॅनेक्सिन चिकटलं म्हणजे अपॉप्टोसिसच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

पेशी कोणत्या वाटेने मरते हे रंगांनी ओळखण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'अ‍ॅनेक्सिन चिकटलं आणि प्रोपिडियम आयोडाइड आत शिरलं नाही, की पेशी अपॉप्टोसिसनेच मरते आहे' हे माझं वाक्य चूक आहे, असं तुम्ही लिहिलंत. (अपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं स्वतःहून, ठरलेल्या क्रमाने मरणं; अ‍ॅनेक्सिन हे इथे हिरवा रंग जोडलेलं प्रथिन; प्रोपिडियम आयोडाइड हा पटल फुटलेल्या पेशीतच शिरणारा लाल रंग.) पुढे असंही म्हणालात, की रंगांच्या नादी लागण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा आकार पाहिलेला बरा. पहिलं मला मान्य आहे, दुसरं नाही.

फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड निरोगी पेशी ऊर्जा खर्चून पटलाच्या आतल्या थरात राखते. अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज ही विकरं ती राखण बंद पाडतात, लिपिड बाहेर येतं आणि अ‍ॅनेक्सिन-व्ही कॅल्शियमच्या मदतीने त्याला धरतं. म्हणजे हिरवी चमक सांगते ती एवढीच, की लिपिड बाहेर आलंय. ते कशामुळे आलं, हे ती सांगत नाही. रक्त गोठवायला सरसावलेल्या प्लेटलेटही हेच लिपिड बाहेर काढतात. नेक्रॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून मरण्याच्या दुसऱ्या एका ठरलेल्या वाटेतसुद्धा, पटल फुटण्याआधी ते बाहेर दिसू शकतं. माझ्या वाक्यातला 'नेच' तिथे टिकत नाही.

आता आकाराबद्दल. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली अपॉप्टोसिस हे नाव दिलं ते आकार पाहूनच: आक्रसलेली पेशी, घट्ट झालेलं केंद्रक, सुटे होणारे तुकडे. ते निरीक्षण आजही पक्कं आहे. पण हे रूप फार वेळ टिकत नाही. शरीरात भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात. काचेच्या बशीत गिळणारं बहुधा कोणी नसतं, त्यामुळे अपॉप्टोसिसने मेलेली पेशीही शेवटी फुटते, प्रोपिडियम आत जातं आणि ती नेक्रोसिससारखी, म्हणजे इजा होऊन फुटून मेल्यासारखी, दिसते. औषध घालून एकदम २४ तासांनी पाहिलंत, तर दोन्ही रंग घेतलेल्या पेशींचा ढीग मिळेल. त्या कोणत्या वाटेने तिथवर आल्या, हे ना आकार सांगेल ना रंग.

वाट कळते ती वेळेवरून. तेच नमुने २, ४, ८ तासांनी तपासले आणि पेशी आधी फक्त हिरव्या, मग हिरव्या-लाल अशा सरकताना दिसल्या, तर क्रम हाती येतो. सोबत एका बशीत झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेज-रोधक घालायचा. त्याने हिरव्या पेशी घटल्या, तर कॅस्पेजचा हात आहे असं म्हणायला आधार मिळतो. हे नुसत्या नजरेने जमणार नाही, म्हणून रंग हवेत. टनेल या चाचणीवर मात्र एकटीवर मीही विसंबत नाही. ती डीएनएची तुटलेली टोकं दाखवते, आणि टोकं नेक्रोसिसमध्येही तुटतात.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली, ती तुमच्यामुळे आठवली. बशीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन हे विकर आणि ईडीटीए हे रसायन यांच्या मिश्रणाने सोडवल्या आणि नीट धुतल्या नाहीत, तर उरलेलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही. माझा अख्खा एक दिवस असा कोरा गेला होता. उलट, ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर पटलाला इजा होते आणि धडधाकट पेशीही हिरव्या दिसतात.

मूळ वाक्य आजच बदललंय. आता ते असं आहे: 'अ‍ॅनेक्सिन चिकटलं आणि प्रोपिडियम बाहेर राहिलं, तर अपॉप्टोसिसची शंका घ्यावी आणि कॅस्पेज-रोधक घालून ती तपासावी.'