जहाज ‘ती’ का असते : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘जगातील प्रत्येक भाषेत जहाज आणि गाडी स्त्रीलिंगीच असते, कारण तिच्या रंगरंगोटीवर अफाट खर्च होतो, तिला ताब्यात ठेवायला अनुभवी पुरुष लागतो आणि ती आईप्रमाणे माणसांना पोटात घेते,’ असा एक संदेश सर्वत्र फिरत असतो. या आठवड्यात तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि जहाजावर अधिकारी होण्याचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीचे नाव घेऊन त्यावर हसणे झाले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘प्रत्येक भाषेत’ हा दावा मराठीतच कोसळतो. जहाज, गलबत, तारू, विमान आणि खुद्द ‘वाहन’ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत, तर रथ, टांगा, मचवा, ट्रक पुल्लिंगी. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकला बोट म्हटले की ‘ती’ बुडाली आणि जहाज म्हटले की ‘ते’ बुडाले, म्हणजे लिंग शब्दाला आहे, वस्तूला नाही. जर्मन ‘शिफ’ नपुंसकलिंगी आहे, रशियन ‘कोराब्ल’ पुल्लिंगी आहे, आणि फिनिश व तुर्की भाषांत व्याकरणिक लिंगच नाही. संस्कृत ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’ स्त्रीलिंगी आहेत हे मान्य. पण त्याच संस्कृतात ‘पोत’ पुल्लिंगी आणि ‘यान’ नपुंसकलिंगी आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. आजच्या इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नसतानाही खलाशी जहाजाला ‘शी’ म्हणत आले आणि त्यात माया होती. तरीही जुन्या इंग्रजीत जहाजाचा शब्द नपुंसकलिंगी होता आणि १७३४ पासून जहाजवाहतुकीच्या बातम्या देणाऱ्या ‘लॉइड्स लिस्ट’ने २००२ साली ‘शी’ सोडून ‘इट’ स्वीकारले. ज्यांचा सारा व्यवहारच जहाजांशी, त्यांनाही ‘शी’ अपरिहार्य वाटले नाही.

रंगाचा मुद्दा तर अज्ञानाचा आहे. जहाजाच्या तळाला लावलेला रंग पोलादाला गंजापासून वाचवतो आणि शेवाळ व शिंपल्यांसारखे जीव चिकटू देत नाही, कारण ते चिकटले की पाण्याचा अवरोध वाढून इंधन जास्त जळते. या देखभालीला नटण्यामुरडण्याची उपमा देणाऱ्याने जहाजाची गोदी पाहिलेली नसावी.

आईच्या पोटाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो : विमानही माणसांना पोटात घेते, तरी ते नपुंसकलिंगीच राहते.

राहिला ‘अनुभवी पुरुष’, आणि माझा खरा राग त्यावर आहे, कारण हा व्याकरणाचा नियम नसून एका मुलीला तिची जागा दाखवण्याचा प्रकार आहे. सोव्हिएत संघाच्या ॲना श्चेतिनिना १९३५ साली सागरी जहाजाच्या कॅप्टन झाल्या होत्या. २०१५ साली बंगालच्या उपसागरात, खवळलेल्या समुद्रात भरकटलेल्या मासेमारी नौकेवरील सात जणांना कॅप्टन राधिका मेनन यांच्या जहाजाने वाचवले आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१६ साली त्यांना शौर्य पुरस्कार दिला. ज्यांनी तो संदेश पुढे ढकलला त्यांनी तो काढून टाकावा आणि भाचीशी स्वतः बोलावे, एवढीच माझी मागणी आहे.