मामा, छातीत दुखते काय?

व्यायाम करायचा तर अंग हलवावं लागतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्या आधी फारम भरावं लागतं, हे भाच्यामुळे कळलं.

भाचा नागपूरहून पर्सनल ट्रेनरचा कोर्स करून आला आणि गावातल्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमधे त्यानं जिम टाकली. पहिल्याच सकाळी गावातले पोट्टे बनियन घालून दारात हजर. पण यानं डंबेल्सवर चादर टाकलेली आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा मांडलेला. "पयले स्क्रीनिंग, मग असेसमेंट, मग व्यायाम," असं त्यानं जाहीर केलं. आता आमचं गाव फारमाला भीत नाही. पीक विमा, ई-केवायसी, सातबारा यांनी आम्हाला तयार केलेलं आहे. अर्ध्या तासात लोक आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन-दोन पासपोर्ट फोटो घेऊन रांगेत. एका आजोबांनी विचारलं, "अनुदान खात्यात येते का हाती भेटते?" अनुदान नाही म्हटल्यावर ते झेरॉक्सचे पैसे परत मागायला लागले.

रांग पांगली. उरलो मी, कारण माझं कृषी केंद्र जिमच्या समोरच आहे आणि दुकान सोडून पळून जाता येत नाही.

"मामा, तुमी माये पयले क्लायंट."

"अरे, हंगामाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक..."

"मामीले विचारलं म्या. मामी हो म्हणाली."

म्हणजे विषय संपला होता.

त्या फारमाचं नाव पार-क्यू. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 1970च्या दशकात तयार झालेलं आणि पुढं सुधारलेलं हे सात प्रश्नांचं फारम. हृदयविकार आहे असं डॉक्टरनं कधी सांगितलं का, कष्ट करताना छातीत दुखतं का, गेल्या महिन्याभरात बसल्याजागी दुखलं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडाची-सांध्याची तक्रार आहे का, बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, आणि व्यायाम करू नये असं आणखी काही कारण आहे का. एकाही प्रश्नाला 'हो' आलं, की ट्रेनरनं पेन खाली ठेवायचं आणि माणसाला आधी डॉक्टरकडे धाडायचं. रोग ओळखणं हे ट्रेनरचं काम नाही, असं भाचा फार गंभीरपणे सांगतो. मला ते आवडलं. गावातल्या बाकी सगळ्यांना ते काम आपलंच वाटतं.

फारमाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'गोपनीय' असं छापलेलं होतं. ते तात्यांनी पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं.

कॅनडातला माणूस हे फारम बहुधा एकटा बसून भरत असावा. माझ्याभोवती तोवर बायको, तात्या, दोन हमाल, खर्रा घोटणारा पानठेलेवाला आणि बियाण्याची चौकशी करायला आलेले एक पाव्हणे जमले होते.

"मामा, छातीत दुखते काय?"

"नाही."

"काऊन नाई?" तात्या म्हणाले. "पोयाच्या दिवशी छाती धरून नोयते बसले? मीच तर सोडा देल्ला."

"तो गॅस होता तात्या. पुरणपोळ्या जास्त झाल्या होत्या."

"गॅस होता हे कोनं ठरवलं?" भाच्यानं विचारलं. तात्यांनीच ठरवलं होतं. भाच्यानं तिथं प्रश्नचिन्ह काढलं.

"चक्कर?"

"नाही."

"अव माय!" बायको म्हणाली. "मे महिन्यात माया भावाच्या पोरीच्या लग्नात मंडपात कोन पडलं होतं? मंगलाष्टकं थांबवा लागले."

आता पंचेचाळीस डिग्रीत कोटाच्या आत माणूस पडणार नाही तर काय करणार? पण भाचा खोदून विचारू लागला. शुद्ध पूर्ण गेली होती का, किती वेळ, आधी डोळ्यापुढं अंधारी आली का. आणि काय सांगू, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. लोकांनी कांदा हुंगवला होता, प्रश्न विचारले नव्हते.

गुडघ्याच्या प्रश्नाला जमलेल्या सगळ्यांनीच 'हो' म्हटलं. गोळीच्या प्रश्नाला मी म्हणालो, "एक बारकी पांढरी गोळी आहे, अधूनमधून घेतो." 'अधूनमधून' या शब्दावर भाच्यानं आणि बायकोनं एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

पेन खाली ठेवलं गेलं. डॉक्टरची चिठ्ठी आणा.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर खुश झाले. त्यांच्याकडे आजवर लोक काम जमत नाही अशा सर्टिफिकेटसाठी येत. काम करू द्या म्हणणारा मी निराळा निघालो. त्यांनी बीपीचा पट्टा दंडाला बांधायला घेतला आणि तेवढ्यात विचारलं, "चहा घेतला?" आत्ताच, दोनदा. "खर्रा?" मी तोंड मिटून मान हलवली. तोंड मिटण्याचं कारणही तेच होतं. मग त्यांनी मला अर्धा तास बाहेर थांबवलं. आत घेतल्यावर पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. गप्प! समोर ओळखीचे चार पेशंट बाकावर बसलेले, त्यातल्या एकाचा माझ्याकडे फवारणीच्या औषधाचा उधार बाकी, आणि मी गप्प. त्या पाच मिनिटांनी माझं बीपी वाढलं असावं असं मला वाटलं, पण पारा उलट खाली आलेला निघाला. गोळी रोज घ्यायची, तालुक्याला जाऊन ईसीजी आणि साखर तपासायची, असा हुकूम झाला. दोन्ही रिपोर्ट बरे आले, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'चालण्यापासून सुरुवात, हळूहळू वाढवणे' असं लिहून शिक्का मारला.

मला वाटलं, झालं. ते फक्त स्क्रीनिंग होतं. असेसमेंट पुढंच होती.

पहिलं काम घरी करायचं होतं. सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट स्वतःची नाडी मोजायची. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके साधारण साठ ते शंभर असतात. मी पहाटे उताणा पडून, मनगट धरून, छताकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होतो. एक्केचाळीसपर्यंत आलो आणि बायकोला जाग आली. नवरा आपल्या हातानं आपलीच नाडी पाहून पुटपुटतोय, हे दृश्य तिनं पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, तिनं तात्या गंजिफ्रॉकवरच आत आले. त्यानंतर माझे जे ठोके पडत होते ते विश्रांतीतले म्हणता येत नाहीत, असं भाचा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

वजनाचं निराळंच. जिमचा काटा नागपूरहून यायचा होता, म्हणून अडत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं राहायचं ठरलं. सोयाबीनचे कट्टे बाजूला सारून मला चढवलं. हमाल म्हणाला, "मालक, दोन किलो कडता काटा, वल्ला माल दिसते." अडत्यानं सवयीनं खरोखरच दोन किलो वजा करून पावती फाडली. आयुष्यात पहिल्यांदा मला कडत्याचा राग आला नाही. भाच्यानं मात्र ते दोन किलो परत लावले.

वजन भागिले उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय. हे गणित 1830च्या दशकात केतले नावाच्या एका बेल्जियन गणितज्ञानं मांडलं आणि त्याला बीएमआय हे नाव मिळालं ते 1972 साली. केतलेला सरासरी माणूस कसा असतो ते पाहायचं होतं, कुणा एकाचं पोट मोजायचं नव्हतं. म्हणूनच की काय, त्याच आकड्यानं आमच्या अडतीतला तो ठेंगणा हमालही जास्त वजनाचा ठरतो, जो पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन बिडी न विझवता ट्रकवर चढतो. आपल्याकडे तेवीसच्या वर सावध व्हायचं आणि पंचवीसच्या वर लठ्ठ समजायचं. माझा आकडा मी इथं लिहिणार नाही. फारम गोपनीय आहे.

बीएमआयचं हे असं आहे म्हणून कंबरही मोजायची. गावचा टेलर टेप घेऊन मदतीला आला. "चौतीस," तो टेप न लावताच म्हणाला, "मी शिवतो ना यायच्या पँटा." पण पँट जिथं बसते ती कंबर वेगळी आणि शास्त्राची वेगळी. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध टेप लावायचा आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. मी वर्षानुवर्षं पँट पोटाच्या खाली बांधून चौतीस राखली होती. टेप वर सरकला.

"श्वास सोडा मामा."

"सोडला."

"नाई सोडला. आत धरून राह्यले तुमी."

सोडला. एकशे एक सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना नव्वदची मर्यादा. टेलर इतका गप्प झाला, की त्याला आजवर वाया गेलेलं कापड आठवत असावं.

मग स्क्वॉट. दोन्ही हात डोक्यावर सरळ आणि मागे खुर्ची आहे असं समजून बसायचं. गुडघे आत वळतात का, टाचा उचलतात का, पाठ पुढं झुकते का, हे ट्रेनर समोरून आणि बाजूनं पाहतो. माझं हे सगळंच झालं. पोलीस भरतीच्या पोट्ट्यांचंही फार बरं नव्हतं, टाचा उचलून ते पुढं कलंडत होते. दारात आमची शेजारीण आजी सातूच्या पिठाचा डबा घेऊन उभी होती. "हे काय करून राह्यले?" तिनं विचारलं आणि डबा न ठेवता, लुगड्याचा काचा सावरून, टाचा जमिनीला टेकवून खाली बसून दाखवलं. पाठ ताठ. तशीच बसून ती बोलत राहिली, कारण तिच्या दृष्टीनं हे बसणं होतं, व्यायाम नव्हता. उभी हयात निंदण आणि सोंगणी केलेली बाई. भाच्यानं मोबाईल काढून बाजूनं फोटो घेतला आणि पोट्ट्यांना दाखवला.

त्या पोट्ट्यांविषयी एक सांगायचं राहिलं. ते रोज अंधारात हायवेच्या डांबरावर सोळाशे मीटर पळतात, सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा गोळा फेकतात, आणि फारमावर सातही प्रश्नांना बिनदिक्कत 'नाही' लिहितात. एकाची नडगी दाबली तर तो कळवळला. "कधीपासून दुखते?" "दुखत नाई दादा, फक्त दाबलं तं दुखते." जागा निघायच्या तोंडावर दुखणं कबूल करणारा पोट्टा मला तरी अजून भेटलेला नाही. तात्यांचं मत असं, की अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे, तिथली पोरं 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली, त्यांनी कोणतं फारम भरलं होतं? भाचा म्हणाला, जुने वस्तादही नव्या पोराला आधी डोळ्यांनीच तपासून घ्यायचे, फक्त ते कागदावर लिहीत नव्हते. तात्या यावर काहीच बोलले नाहीत, हा त्या आठवड्यातला मोठा प्रसंग.

शेवटी स्टेप टेस्ट. बारा इंची पायरी, मिनिटाला शहाण्णव टोल. एका टोलाला एक पाऊल, वर-वर-खाली-खाली, म्हणजे मिनिटात चोवीस फेऱ्या. तीन मिनिटं संपली की लगेच बसून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. टोल भाच्याच्या मोबाईलमधून येत होते. पहिल्याच मिनिटाला कुणाचा तरी फोन आला आणि टोलांच्या जागी डीजेचं गाणं वाजायला लागलं. भाच्याला थांबवायचं होतं, पण दारात आमच्या गुरुदेव सेवा मंडळातले खंजिरीवाले काका उभे होते. "टोल मी देतो," ते म्हणाले.

तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात खंजिरीला कोण नाही म्हणणार? काकांनी ठेका अगदी बरोबर उचलला. पण भजन म्हटलं की लय चढते, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. दुसऱ्या मिनिटाला काकांचे डोळे मिटले. हमालांनी टाळ्या धरल्या. मी पायरीवर वर-खाली, वर-खाली, खंजिरी दुगुणीत, भाचा ओरडतोय, "काका, शहाण्णव! शहाण्णव!" आणि काकांना वाटतंय पोरगा दाद देतोय. धाप लागली, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तत्क्षणी थांबायचं, हा टेस्टचा पहिला नियम. भाच्यानं मला दंडाला धरून खाली बसवलं.

"मामा, बोलता येते काय?"

"येते," मी म्हणालो.

बोलता येतं पण गाता येत नाही, तोवर व्यायाम मध्यम समजतात. ही मोजपट्टी आमच्या भागात कितपत चालेल याची मला शंका आहे. इथला माणूस विहीर उपसतानाही शेजाऱ्याच्या बांधाबद्दल सविस्तर बोलू शकतो.

टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली, फोन बंद करून आणि दार लावून. मिनिटाला एकशे चोवीस ठोके भरले. हा आकडा दुसऱ्या कुणाशी लावायचा नाही, दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचा आणि स्वतःशीच लावायचा, असं भाच्यानं बजावलं. पानठेल्यावर तोवर तो हमालाच्या आकड्याशी लावून झाला होता.

सही करायची वेळ आली. "वाचल्याशिवाय सही करू नका," बायको म्हणाली. सोसायटीच्या कर्जाला मी कुणाला तरी जामीन राहिलो होतो, ते तिच्या लक्षात होतं. वाचता वाचता तिला एक कोरा रकाना दिसला : तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, त्याचा फोन नंबर.

"मामीचा टाका," भाचा म्हणाला.

"माया मोबाईल तं यायच्यापाशीच असते," मामी म्हणाली. खरं होतं, दुकानाचे पैसे त्यावरच येतात. तात्यांचा फोन रिचार्जअभावी बंद. मुलगा पुण्याला, त्याला कळवून तो येणार कधी? जमलेल्यांत ज्याचा फोन नेहमी चालू असतो, जो हाकेसरशी धावून येतो आणि ज्याच्याकडे मोटरसायकल आहे, असा भरवशाचा माणूस कोण, यावर बराच खल झाला. एकमतानं एक नंबर निघाला. भाच्यानं तो लिहून घेतला आणि नियमाप्रमाणं खात्री करण्यासाठी तात्यांनी दुकानाच्या फोनवरून लावून पाहिला.

रिंग भाच्याच्याच खिशात वाजली.